देवडीवरची ओळख आणि दफ्तरातला अधिकार

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या दक्षिणेस पसरलेल्या गेवराई तालुक्यात उमापूर हे महसूल मंडळाचे गाव आहे. ह्या गावच्या शेतकऱ्यास आपली ओळख आज वर्षाकाठी जितक्या ठिकाणी पटवून द्यावी लागते, तितक्या ठिकाणी ती त्याच्या आजोबांस उभ्या हयातीत पटवून द्यावी लागली नसेल. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा हवा असल्यास संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी. खरिपाच्या पेऱ्याची नोंद करावयाची तर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये पुन्हा ओटीपी. स्वस्त धान्य दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा. आणि ज्या कामास कोणत्याच यंत्राची सवय नाही, त्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रातील चालकाच्या लॉगिनचा आश्रय. ही सारी व्यवस्था ज्या संगणकप्रणालींवर उभी आहे, त्यांची उभारणी करताना प्रत्येक अभियंत्यास आरंभीच एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. आलेल्या माणसाची ओळख दाराशी उभ्या असलेल्या वेब-सर्व्हरने पटवून घ्यावी, की आत काम करणाऱ्या ॲप्लिकेशनने? प्रश्न तांत्रिक दिसतो. परंतु जमिनीची नोंद, कर्जाची बाकी आणि धान्याचा कोटा ह्या तिन्ही गोष्टींची सुरक्षितता त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे त्याचा सावकाश आणि समग्र विचार होणे अगत्याचे आहे.

वेब-सर्व्हर म्हणजे जगाकडून येणारी विनंती प्रथम स्वीकारणारी बाहेरची प्रणाली. १९९५ साली अवतरलेला अपॅची आणि इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला एनजिनएक्स ही तिची सर्वपरिचित रूपे होत. त्यामागे प्रत्यक्ष काम करणारे ते ॲप्लिकेशन, आणि ते ज्या तयार सांगाड्यावर उभारले जाते तो फ्रेमवर्क. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत आकारास आलेला आणि २००५ च्या जुलैत सर्वांस खुला झालेला जँगो हा अशा फ्रेमवर्कांपैकी एक. प्रस्तुत लेखातील तपशील मुख्यतः त्याच्या आधाराने दिले आहेत, कारण बाहेरची तपासणी आणि आतली नोंदवही यांच्यामधला सांधा त्याने मोठ्या स्पष्टपणे मांडलेला आहे. जुन्या वाड्यात देवडीवर पहारेकरी असे आणि आत दफ्तरदार असे. कोण आले आहे याची चौकशी पहिल्याने करावी आणि आलेल्यास कोणता कागद दाखवावा, कोणत्या कागदावर लिहू द्यावे, हे दुसऱ्याने ठरवावे, अशी कामाची वाटणी होती. ह्या वाटणीत एकच जागा नाजूक होती, आणि ती म्हणजे देवडीवरून आत येणारा निरोप. तो खरोखर पहारेकऱ्यानेच धाडला आहे, की मागल्या परसातून शिरलेल्या कोणी त्याच्या नावाने आणला आहे, हे दफ्तरदारास निश्चित कळले पाहिजे. वेब-सर्व्हरच्या ओळखतपासणीचे मर्म माझ्या मते ह्याच एका जागी आहे.

दाराशी ओळख विचारण्याची सर्वांत जुनी रीत 'बेसिक' ह्या नावाने ओळखली जाते. १९९६ च्या मे महिन्यात एचटीटीपीच्या पहिल्या आवृत्तीचे वर्णन करणारा जो दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्यातच तिचा समावेश आहे, आणि २०१५ साली तिची नवी संहिता आरएफसी ७६१७ ह्या क्रमांकाने निघाली. तिची कृती अगदी साधी. सर्व्हर ४०१ ह्या क्रमांकाचा नकार पाठवतो, ब्राउझर एक छोटी चौकट उघडून नाव व पासवर्ड विचारतो, आणि ती दोन्ही एकत्र जोडून बेस-६४ नामक लिपीत लिहून प्रत्येक विनंतीबरोबर धाडतो. बेस-६४ हे कुलूप नाही. ते कोणासही क्षणात उलगडून वाचता येते. म्हणून वाटेतला मजकूर कूटबद्ध करणाऱ्या टीएलएसच्या आवरणावाचून बेसिक वापरणे म्हणजे पासवर्ड उघड्या रस्त्याने पाठवणे होय. हा दोष दूर करण्याच्या हेतूने 'डायजेस्ट' नावाची दुसरी रीत निघाली. परंतु तिचा मूळ पाया एमडी-५ हा दुबळा ठरलेला सारसंक्षेप असल्यामुळे, आणि पुढे लेट्स एन्क्रिप्ट ह्या संस्थेने २०१५ च्या अखेरीपासून विनामूल्य प्रमाणपत्रे देण्यास प्रारंभ केल्यावर टीएलएस गरिबातल्या गरीब संकेतस्थळाच्या आवाक्यात आल्यामुळे, डायजेस्टचे प्रयोजन उरले नाही. तिची चर्चा येथेच संपवावी हे बरे.

बेसिकच्या रीतीत नावांची यादी सर्व्हरपाशी एका फाइलीत असते. अपॅचीच्या जगात ती 'एचटीपासवर्ड' ह्या साधनाने तयार करतात, आणि त्या साधनास बी-क्रिप्ट पद्धती वापरण्याची आज्ञा देण्याची दक्षता घेतली, तर फाइल चोरीस गेली तरी त्यातून पासवर्ड काढणे अवघड होते. पाच-सहा माणसांच्या कचेरीस ही व्यवस्था पुरते. परंतु ॲप्लिकेशनचा व्याप वाढला की अडचण उभी राहते, कारण जँगोसारख्या फ्रेमवर्कापाशी स्वतःची नोंदवही असते: वापरकर्ते, त्यांचे गट, प्रत्येक गटास दिलेल्या परवानग्या, कोणाचे खाते चालू आहे आणि कोणाचे बंद. अशा रीतीने एकाच कचेरीच्या दोन याद्या होतात. बदलून गेलेल्या कारकुनाचे नाव एका यादीतून वगळले जाते आणि दुसरीत तसेच राहते. नव्याने रुजू झालेल्यास बाहेरचे दार उघडते आणि आतले उघडत नाही. पासवर्ड बदलला तो एकीकडे बदलतो, दुसरीकडे जुनाच चालतो. दोन याद्यांतील ही विसंगती कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून, केवळ कालगतीने, उत्पन्न होते. म्हणून ती अधिक घातक समजली पाहिजे.

ह्या दोन याद्यांचा मेळ घालण्याच्या दोन दिशा आहेत. पहिलीत सर्व्हर आपली यादी टाकून देतो आणि ॲप्लिकेशनच्याच नोंदवहीस विचारतो. अपॅचीमध्ये पायथन भाषेतील ॲप्लिकेशने चालवण्यासाठी ग्रॅहम डम्पलटन यांनी लिहिलेला मॉड-डब्ल्यूएसजीआय नावाचा भाग वापरतात; त्यात एका छोट्या स्क्रिप्टचा निर्देश केला की नाव-पासवर्ड विचारण्याचे काम अपॅची करतो, पण तो पासवर्ड बरोबर की चूक हे जँगोचे फलन सांगते. नाव नोंदवहीत नसेल तर ते 'माहीत नाही' म्हणते, पासवर्ड जुळला तर होकार आणि न जुळल्यास नकार देते. माणूस कोणत्या गटात आहे हेही असेच विचारता येते, आणि त्यावरून विशिष्ट दालन विशिष्ट गटास खुले ठेवता येते. ज्या फाइली जँगोच्या हातून जात नाहीत (उदाहरणार्थ, स्कॅन केलेल्या जुन्या दस्तांच्या प्रतिमा, ज्या सर्व्हर थेट वाढतो) त्यांच्या रक्षणास ही रीत फार उपयोगी आहे, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे.

तिला एक खर्च मात्र आहे, आणि तो अनेकांच्या लक्षात उशिरा येतो. बेसिकमध्ये पासवर्ड एकदा तपासून भागत नाही, तो प्रत्येक विनंतीबरोबर येतो आणि प्रत्येक वेळी तपासला जातो. २०१२ साली आलेल्या १.४ ह्या आवृत्तीपासून जँगो पासवर्ड साठवताना पीबीकेडीएफ-२ ही मुद्दाम संथ केलेली पद्धती वापरतो. तीत आरंभी १०,००० आवर्तने होती, ती वाढत वाढत २०२३ च्या ४.२ आवृत्तीत ६,००,००० वर गेली. चोरास प्रत्येक अंदाजास वेळ लागावा ह्यासाठी ही संथता योजलेली आहे. पण एका पृष्ठावर चाळीस प्रतिमा असतील तर प्रामाणिक वापरकर्त्याच्या वतीनेही हे ओझे चाळीस वेळा उचलावे लागते. अपॅचीपाशी तपासणीचा निकाल थोडा वेळ स्मरणात ठेवणारा स्वतंत्र भाग आहे खरा; तथापि तपासणी एकदा करून पुढे सत्राच्या कुकीवर विसंबणे, हीच आतल्या लॉगिनची रीत, मोठ्या वापरात हलकी पडते.

दुसरी दिशा अधिक प्रतिष्ठेची आणि अधिक जोखमीची. तीत ॲप्लिकेशन पासवर्ड पाहतच नाही. सर्व्हर आपल्या परीने ओळख पटवतो, आणि पटलेले नाव 'रिमोट_यूझर' नामक चलात ठेवून आत देतो. हे चल सीजीआय ह्या जुन्या कराराच्या काळापासून चालत आलेले असून पायथनच्या डब्ल्यूएसजीआय ह्या करारानेही ते जसेच्या तसे स्वीकारले आहे. २००९ साली निघालेल्या १.१ आवृत्तीपासून जँगोत ह्याची सोय आहे. सेटिंग्जमधील मिडलवेअरांच्या, म्हणजे विनंती ज्यांतून जाते त्या मधल्या भागांच्या, क्रमात नेहमीच्या ओळखतपासणीच्या मिडलवेअरनंतर रिमोट-यूझरचे मिडलवेअर लिहावयाचे, आणि ओळख पटवणाऱ्या बॅकएंडांच्या जागी रिमोट-यूझरचे बॅकएंड नेमावयाचे, एवढ्या दोन ओळींनी काम भागते. क्रम उलटा झाला तर मिडलवेअर तक्रार करून थांबते, ही गोष्ट चांगलीच म्हटली पाहिजे, कारण चूक लपून राहत नाही. ह्या रीतीचा लाभ असा, की दाराशी कोणती तपासणी आहे याची ॲप्लिकेशनास पर्वा करावी लागत नाही. आज बेसिक असेल, उद्या जिल्हा कचेरीची एलडीएपी निर्देशिका येईल, परवा स्मार्ट कार्ड येईल. आतला एक शब्दही बदलावा लागत नाही.

आता जोखमीकडे वळावे. आणि येथे थोडे रेंगाळणे इष्ट आहे, कारण बहुतेक अपघात ह्याच वळणावर होतात. सर्व्हर आणि ॲप्लिकेशन एकाच प्रक्रियेत, जसे मॉड-डब्ल्यूएसजीआयमध्ये, नांदत असतील, तर रिमोट_यूझर हे चल बाहेरच्या माणसास स्पर्श करता येत नाही; कारण ब्राउझरने विनंतीसोबत पाठवलेल्या प्रत्येक शीर्षकास (हेडरास) आत येताना 'एचटीटीपी' हा उपसर्ग लागतो, आणि उपसर्गावाचूनचे चल केवळ सर्व्हरच लिहू शकतो. परंतु हल्ली प्रघात वेगळा आहे. पुढे एनजिनएक्स, मागे स्वतंत्र प्रक्रियेत ॲप्लिकेशन, आणि दोहोंमध्ये पुन्हा एचटीटीपीचीच वाट, अशी रचना सर्वत्र दिसते. अशा रचनेत नाव आत पोहोचवण्यास शीर्षकावाचून मार्ग नसतो, म्हणून अभियंता 'एक्स-ऑथ-यूझर' असे एखादे शीर्षक ठरवतो आणि जँगोस सांगतो की ह्यात जे नाव येईल ते प्रमाण मान. ह्याच क्षणी सारे संरक्षण एका गोष्टीवर येऊन ठेपते: तेच शीर्षक बाहेरच्या कोणीतरी स्वतःच्या हाताने लिहून पाठवले तर? पुढच्या सर्व्हरने ते प्रत्येक वेळी पुसून त्यावर आपले नाव लिहिले नाही, तर पासवर्डाची गरजच उरत नाही. 'ॲडमिन' एवढे एक नाव लिहून पाठवणाऱ्यास साऱ्या नोंदवहीचा ताबा मिळतो.

ही भीती कल्पित नाही, आणि तिचे काही पोटप्रकार फार सूक्ष्म आहेत. शीर्षकांतील जोडरेषा आणि अधोरेषा आत येताना एकच होतात. म्हणून 'एक्स-ऑथ-यूझर' पुसून टाकणारा सर्व्हर जर 'एक्स-ऑथ_यूझर' तसेच जाऊ देत असेल, तर आत पोहोचल्यावर दोहोंत भेद राहत नाही. एनजिनएक्स अधोरेषेची शीर्षके मुळातच टाकून देतो, अपॅचीची २.४ आवृत्तीही ती चलांत उतरवत नाही. परंतु एखाद्या जुन्या उपकरणाच्या सोयीसाठी कोणी ती मुभा चालू केली की दार पुन्हा किलकिले होते. दुसरा प्रकार असा, की ॲप्लिकेशन ज्या पोर्टवर ऐकत असते तो पोर्ट साऱ्या जाळ्यास खुला राहतो. मग पुढच्या सर्व्हरने कितीही कडक तपासणी केली तरी तिला वळसा घालून थेट आत जाता येते. म्हणून मागच्या प्रक्रियेने केवळ त्याच यंत्रावरील स्थानिक पत्त्यावर, किंवा त्याहून उत्तम म्हणजे युनिक्स सॉकेटावर, ऐकावे, हा नियम मी अपवादावाचून पाळण्यायोग्य मानतो. तिसरा प्रकार तपासणी एका दालनापुरती लावण्याचा: 'ॲडमिन'च्या मार्गावर पासवर्ड विचारला जातो, पण शीर्षकावर विश्वास मात्र साऱ्या ॲप्लिकेशनभर ठेवलेला असतो, आणि न तपासलेल्या मार्गाने आलेले खोटे नाव तितक्याच सन्मानाने स्वीकारले जाते.

ओळख पटली म्हणजे अधिकार मिळाला, असा जो समज ह्या सोयीमुळे रुजतो, तोही येथेच निस्तरला पाहिजे. जँगोच्या रिमोट-यूझर बॅकएंडाचा मूळ स्वभाव असा आहे की, दारातून कधीही न पाहिलेले नाव आले तर ते तत्काळ नोंदवहीत नवे खाते उघडते. विद्यापीठासारख्या ठिकाणी, जेथे हजारो विद्यार्थी दरसाल येतात, तेथे ही तत्परता उपकारक ठरते. पण जेथे नोंदीस कायद्याचे बळ आहे तेथे ती बंद ठेवावी, आणि खाते उघडण्याचे काम कोणा जबाबदार माणसाच्या लेखी हुकमाने व्हावे. बदललेल्या किंवा निवृत्त माणसाचे खाते निष्क्रिय केले असता हे बॅकएंड त्यास प्रवेश नाकारते. त्याचाच एक भाऊबंद निष्क्रिय खात्यांसही आत घेतो, आणि नावाच्या साम्यामुळे तो चुकून निवडला जाऊ नये एवढी काळजी घ्यावी लागते.

ओळख आणि अधिकार ह्या दोन गोष्टी निराळ्या ठेवण्याचा उमापूरच्या महसूल कारभारास दीर्घ अभ्यास आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्यान्वये येथील दफ्तर चाले, पटवारी ते लिही, आणि गावात त्यास सर्वजण ओळखत असले तरी त्याच्या लिहिण्यास वरच्या अधिकाऱ्याच्या मान्यतेची आवश्यकता असे. आजच्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही तेच तत्त्व राखले आहे. फेरफाराची नोंद तलाठ्याने (ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) घ्यावी, हितसंबंधितांस नोटीस द्यावी, हरकतीस मुदत ठेवावी, आणि नोंद प्रमाणित करण्याचे काम मंडळ अधिकाऱ्याने अथवा त्याच्या वरच्याने करावे. दोघेही सरकारी नोकर, दोघांचीही ओळख निर्विवाद. तरी एकाने लिहिलेले त्यानेच प्रमाणित करू नये. वेब-सर्व्हरच्या तपासणीस हा भेद कळत नाही. त्यास 'वैध वापरकर्ता' एवढेच ठाऊक असते. म्हणून लिहिणारा कोण, तपासणारा कोण, आणि एकाच हातून दोन्ही कामे होऊ नयेत ही अट, ही सर्व फ्रेमवर्कच्या गटांत आणि परवानग्यांतच लिहिली पाहिजे. ती बाहेर दारावर टांगून चालणार नाही. फेरफार संगणकावर नोंदवणाऱ्या ई-फेरफार प्रणालीची आजची साखळी ज्या कोणास ठाऊक आहे, त्यास हे सांगण्याचे कारण नाही.

ह्याच महसूल कारभारात अधिक बळकट ओळखीचे एक साधनही सर्रास वापरात आले आहे. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात असलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीस मान्यता दिली, आणि १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा लोकांस उपलब्ध झाला. पंधरा रुपये भरून मिळणाऱ्या त्या नकलेवर हाताच्या सहीशिक्क्याची अपेक्षा राहिली नाही. तलाठ्याच्या हातातील हे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्राचे (डीएससीचे) टोकन नोंदीवर स्वाक्षरी करण्यासाठी असले, तरी तशाच प्रमाणपत्राने सर्व्हरच्या दारावर ओळखही पटवता येते: अपॅचीस सांगितले की पाहुण्याकडून प्रमाणपत्र मागून घे, आणि त्यातील एक रकाना रिमोट_यूझर ह्या चलात उतरव, म्हणजे पासवर्डाचे प्रकरणच मिटते. मात्र कोणता रकाना उतरवावा ह्याचा विचार हवा. आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव जुळणारी दोन माणसे मराठवाड्याच्या कोणत्याही तालुक्यात सहज सापडतील. म्हणून केवळ नावाच्या रकान्यावर विसंबू नये, प्रमाणपत्राच्या मालकास अद्वितीय ठरवणारा रकाना घ्यावा. आणि टोकन व त्याचा पिन खासगी मदतनिसाच्या हाती सोपवला, तर कितीही सबळ गणित त्या ओळखीस खरे करू शकत नाही. कायद्याच्या ४२ व्या कलमाने खासगी किल्ली आपल्या ताब्यात राखण्याचे कर्तव्य प्रमाणपत्रधारकावर टाकले आहे, ते त्याचसाठी.

सेवा केंद्राच्या संगणकावर आणखी एक अडचण प्रकट होते. एकाच यंत्रावर दिवसभर निरनिराळी माणसे बसतात, म्हणून बाहेर पडण्याची क्रिया, म्हणजे लॉगआउट, विश्वासार्ह असणे आवश्यक आहे. बेसिकमध्ये ती अस्तित्वातच नाही. ब्राउझर उघडा आहे तोवर तो नाव-पासवर्ड आपण होऊन पाठवीत राहतो. जँगोच्या बाजूने सत्र पुसले तरी पुढच्याच विनंतीबरोबर सर्व्हर तेच नाव पुन्हा आत देतो आणि माणूस पुन्हा प्रविष्ट होतो. १.९ आवृत्तीपासून जँगोत असे एक मिडलवेअर आहे की ज्यामुळे बाहेरची तपासणी केवळ लॉगिनच्या पृष्ठावर लावता येते आणि पुढचे सारे सत्र आतली प्रणाली सांभाळते. सामायिक संगणकांसाठी मी त्याचीच शिफारस करीन. आणखी एक संघर्ष मोबाइल ॲपांच्या बाबतीत उद्भवतो. ॲपे आपले टोकन ज्या 'ऑथरायझेशन' शीर्षकातून पाठवतात, तेच शीर्षक बेसिकही वापरते. दोघांस एका वेळी त्यात जागा नसल्यामुळे, ॲपांच्या मार्गावर बाहेरची बेसिक तपासणी लावली की ॲप बंद पडते. शिवाय मॉड-डब्ल्यूएसजीआय हे शीर्षक मूळ स्थितीत आत जाऊच देत नाही. ॲप्लिकेशनने स्वतः ते वाचावयाचे असल्यास तशी स्वतंत्र आज्ञा लिहावी लागते, आणि ही एक ओळ राहून गेल्यामुळे कित्येक अभियंत्यांच्या रात्री गेल्या आहेत.

ओळखीचे काम देवडीवरूनही उचलून दूरच्या एखाद्या मध्यवर्ती संस्थेकडे सोपवावे, हा गेल्या काही दशकांचा प्रवाह आहे. एमआयटीतील १९८३ च्या अथेना प्रकल्पातून निघालेला करबेरॉस, २००५ ची सॅमल २.०, २०१४ ची ओपनआयडी कनेक्ट ह्या त्याच्या परदेशी पायऱ्या. आपल्याकडे सरकारी नोकरांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेली 'परिचय' ही एकाच लॉगिनची व्यवस्था त्याच कुळातली. आणि आधारची ओळखतपासणी तर ह्या विचाराचे सर्वांत विशाल रूप. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी दिला गेला, ही महाराष्ट्राच्या अभिमानाची बाब आहे. दुकानातील यंत्र अंगठा घेते, दूरचा कोश होकार वा नकार देतो, आणि धान्य द्यावे की नाही हे शिधापत्रिकेची स्वतंत्र नोंदवही ठरवते. ह्या विभागणीमुळेच ओळख गावापासून सुटी झाली. ९ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र-गुजरात ह्या जोडीत आंतरराज्य शिधापत्रिकेचा प्रयोग सुरू झाला. बीड जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीस बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना जेथे कोयता चालतो तेथेच धान्य मिळण्याची वाट त्यातून खुली झाली. परंतु ज्या हातांनी सहा-सहा महिने ऊस तोडला, त्या हातांच्या रेषा झिजतात आणि अंगठा जुळत नाही. रेंज गेली तर होकार येत नाही. मध्यवर्ती ओळखीवर विसंबणाऱ्या प्रत्येक प्रणालीत, नकार आणि 'उत्तरच आले नाही' ह्या दोन स्थिती वेगळ्या ओळखल्या गेल्या पाहिजेत, आणि दुसऱ्या स्थितीत काय करावयाचे ह्याचा रीतसर, नोंद राहणारा पर्याय आधीच ठरलेला असला पाहिजे. भुकेल्या माणसास तांत्रिक अडचणीमुळे परत पाठवणे हा मला त्या प्रणालीचा अपराध वाटतो.

अशा दूरच्या तपासणीत घड्याळाचा विषय किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. करबेरॉसमध्ये दोन यंत्रांच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक तफावत असली की तपासणी साधारणतः नाकारली जाते. टीएलएसचे प्रमाणपत्रही तारीख चुकली तर अवैध ठरते. ज्या संगणकाची आतली बॅटरी संपून तो दर वेळी जुन्याच सालात जागा होतो, त्यावर 'सर्व्हर बंद आहे' अशी समजूत होऊन लोक माघारी जातात, आणि सर्व्हर मात्र चालू असतो. सर्ट-इन ह्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व यंत्रांची वेळ राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळती ठेवण्यास आणि १८० दिवसांच्या नोंदी जतन करण्यास सांगितले आहे. ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून निरर्थक आहेत, कारण वेळ चुकलेली नोंद चौकशीच्या कामी येत नाही.

आता एका नजीकच्या उदाहरणात हे सारे एकत्र पाहू. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांची खाती त्या ओघाने एका सामायिक प्रणालीत येऊ लागली. समजा, उमापूरसारख्या गावच्या एखाद्या सोसायटीने सभासदांची पत्रके आणि जुन्या रोख्यांच्या प्रतिमा पाहण्यासाठी आणि कर्जाच्या बोजाच्या नोंदी करण्यासाठी स्वतःचे लहानसे ॲप्लिकेशन उभारले. गटसचिव एक, पण त्याच्याकडे सोसायट्या अनेक, लेखापरीक्षक वर्षातून काही दिवसांपुरता, संचालक पाच वर्षांनी बदलणारे, सभासद शेकडो. अशा ठिकाणी मी सभासदांस आतल्या लॉगिनच्या स्वाधीन करीन, कारण त्यांचे येणे-जाणे, पासवर्ड विसरणे आणि मोबाइल क्रमांक बदलणे हे सारे नोंदवहीच्या शेजारीच निस्तरणे सोपे. प्रशासनाच्या मार्गावर मात्र सर्व्हरची स्वतंत्र तपासणी अधिक लावीन, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये उद्या एखादा दोष उघडकीस आला तरी तो जगातल्या प्रत्येकास गाठता येणार नाही. रोख्यांच्या प्रतिमा सर्व्हरने थेट वाढू नयेत. जँगोने आधी परवानगी तपासावी आणि मगच सर्व्हरास अंतर्गत मार्गाने फाइल देण्यास सांगावे. लेखापरीक्षकाचे खाते अखेरच्या तारखेसह उघडावे. गटसचिव बदलला त्याच दिवशी त्याचे खाते निष्क्रिय व्हावे, आणि खाते पुसू नये, कारण त्याने केलेल्या जुन्या नोंदींवर त्याचे नाव राहणे सभासदांच्या हिताचे आहे. 'सोसायटी' अशा सामायिक नावाचे खाते कोणत्याही कारणाने उघडू नये. बोजा कोणी चढवला आणि कोणी उतरवला हे त्या नावावरून कधीच ठरणार नाही.

बाहेरचे नाव आत पोहोचवण्याची रीत ह्या ॲप्लिकेशनात कोठेही वापरली असेल, तर ते लोकांस खुले करण्यापूर्वी सोसायटीने उभारणाऱ्याकडून एक चाचणी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. गावाबाहेरच्या जाळ्यातून, कोणताही पासवर्ड न देता, ते विश्वासाचे शीर्षक स्वतः लिहून प्रशासकाच्या नावाने विनंती पाठवावी. मग तीच विनंती जोडरेषेच्या जागी अधोरेषा घालून पाठवावी. आणि शेवटी ॲप्लिकेशनच्या मूळ पोर्टावर थेट पाठवून पाहावी. तिन्ही वेळा नकारच आला पाहिजे, आणि तिन्ही नकार योग्य वेळेसह नोंदीत उतरलेले दिसले पाहिजेत. सर्व्हर बदलला, आवृत्ती वाढवली किंवा मध्ये नवा प्रॉक्सी आला, की ही चाचणी पुन्हा करावी लागते. कारण कॉन्फिगरेशनच्या फाइलीतून ती एक पुसणारी ओळ गळाली, तरी संकेतस्थळ पूर्वीसारखेच उघडते, सभासदांस पत्रके पूर्वीसारखीच मिळतात, आणि कोणाच्याही तक्रारीवरून तो दोष कळून येत नाही.